पहिली कादंबरी लिहायला बसताना: सुचणं, अडणं आणि शेवटच्या पानापर्यंत जाणं

सातारा-सांगली पट्ट्यात कादंबरी लिहायला घेतलेली माणसं कमी नाहीत. कुणी साखर कारखान्यात नोकरीला असतं, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतं, कुणी घर-शेती उरकून रात्री वही उघडतं. चाळीस-पन्नास पानं होतात आणि मग वही कपाटात जाते ती जातेच. ही माणसं भेटली की दोनच प्रश्न विचारतात. तुम्हाला सुचतं कसं? आणि मध्येच अडलं तर काय करता?

माझ्या मते हे दोन प्रश्न नाहीतच, एकच आहे. ज्या माणसांवर लिहितोय त्यांच्याबद्दल आपल्याला किती ठाऊक आहे, त्यावर सुचणंही ठरतं आणि अडणंही. "सुचत नाही" असं आपण म्हणतो तेव्हा दहापैकी सात-आठ वेळा आपल्याला पुरेसं माहीत नसतं. म्हणून स्फूर्तीची वाट बघा, असं या लेखात कुठेही सांगितलेलं नाही.

समजायला सोपं जावं म्हणून एकच काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत धरतो. शालन, वय पन्नास. सासर कराडकडं, माहेर वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. वडील वारलेत. धाकटा भाऊ म्हणतो, "आक्का, हक्कसोडपत्रावर सही कर." म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा सोडून दे. ती काय करील? एवढ्यावर अख्खी कादंबरी उभी राहते. कशी, ते बघू.

आधी हे सामान जमवा

- दोन वह्या. एक लिहायची, दुसरी फक्त नोंदींची. दोन्ही एकत्र करू नका.
- ज्या वर्षांत गोष्ट घडते त्या वर्षांची कॅलेंडरं किंवा पंचांगं. इंटरनेटवरही सापडतात.
- एका पानावर काढलेला गावाचा कच्चा नकाशा: पार, देऊळ, नदी, एसटीचा थांबा, कुणाचं घर कुठं.
- घराण्याचा वंशवेल, प्रत्येकाच्या जन्मसालासकट.
- फोन किंवा संगणकावर युनिकोड मराठी कीबोर्ड.
- वाचनालयाचं सभासदत्व. साताऱ्यात, सांगलीत आणि बहुतेक तालुक्यांच्या गावी जुनं नगरवाचनालय आहे, वर्गणी परवडणारी असते.

लॅपटॉप असलाच पाहिजे असं नाही. वहीत लिहीत असाल तर पानाच्या एकाच बाजूला लिहा आणि डावीकडं रुंद समास सोडा. पुढं दुरुस्त्या करायला तीच जागा लागते.

१. विषय बाजूला ठेवा, माणूस धरा

"मला शेतकऱ्यांच्या प्रश्नावर लिहायचंय" म्हणणाऱ्याची कादंबरी तिसऱ्या प्रकरणात थांबते, कारण प्रश्नावर भाषण होतं, गोष्ट होत नाही. गोष्टीला काहीतरी हवं असलेला एक माणूस लागतो आणि ते मिळू न देणारा दुसरा.

शालनला जमीन हवी आहे का? नोंदवहीत हा प्रश्न लिहा आणि उत्तराची घाई करू नका. कदाचित तिला जमीन नकोच आहे. आपल्याला कुणीतरी विचारावं एवढंच हवं असेल. वर्षानुवर्षं साडीचोळीवर बोळवण झाली, तिच्या नावाची एक ओळ सातबाऱ्यावर राहावी असं तिला वाटत असेल. ही दोन वेगवेगळी पुस्तकं आहेत.

आता भावाकडं वळा. नवे लेखक इथं हमखास घसरतात, भावाला लबाड करून मोकळे होतात. त्यालाही खरं कारण द्या. पुरात घराची भिंत गेलीय, कर्ज काढायचंय आणि उताऱ्यावर बहिणीचं नाव असल्यामुळं तिच्या सहीशिवाय कागद पुढं सरकत नाहीत. तो रात्री झोपत नाही. आता दोघंही बरोबर आहेत आणि तुमच्या हातात कादंबरी आहे.

२. बसायची वेळ ठरवा, पानांची नाही

रोज एकच वेळ आणि एकच जागा. पहाटे साडेचार असो की रात्री दहा, तुमच्या घरात जी वेळ कुणी मागत नाही ती तुमची. रोज तीनशे शब्द झाले तर दोनशे दिवसांत साठ हजार शब्द होतात. डेमी आकारात त्याचं साधारण दोनशे ते सव्वादोनशे पानांचं पुस्तक होतं. पहिल्या कादंबरीला तेवढं भरपूर झालं.

वर्षातले कुठले दिवस जाणार, ते आधीच धरून चाला. गावची जत्रा, लग्नसराई, ऊसतोड, मुलांच्या परीक्षा. त्या दिवसांत लिहिणं होणार नाही. पण नोंदवही खिशात ठेवा, जत्रेइतकी माणसं एरवी एका जागी भेटत नाहीत.

रोज उठताना पुढचं वाक्य माहीत असेल तिथंच थांबा. शालन एसटीतून उतरली, समोर भाचा उभा आहे, तो काय बोलणार ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथंच वही मिटा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसायची वेळ येत नाही.

काही सापळे:

- पहिलं प्रकरण पुन:पुन्हा लिहिणं. सगळ्यात जास्त कादंबऱ्या यानंच मारल्यात. पहिलं प्रकरण शेवटी पुन्हा लिहावंच लागतं, तोवर पुढं चला.
- ज्याला त्याला गोष्ट सांगत सुटणं. सांगून झालं की लिहायची ओढ निम्मी होते.
- रोजचा मजकूर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकणं. कौतुकाचे अंगठे येतात आणि तुम्ही अंगठ्यांसाठी लिहायला लागता.

३. पहिला खर्डा न थांबता लिहा

एखादी गोष्ट माहीत नसेल तर तिथं चौकोन काढा, आत "तलाठ्याला विचार" असं लिहा आणि पुढं जा. शुद्धलेखन बघू नका. एखाद्या माणसाचं नाव पुढं बदललं तरी मागं जाऊन दुरुस्त करू नका, नोंदवहीत टिपून ठेवा. पहिल्या खर्ड्याचं काम एवढंच की गोष्ट कुठवर जाते ते तुम्हाला कळावं.

४. अडलं की आधी नाडी बघा

इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माणसं इथंच सोडून देतात. अडणं एका प्रकारचं नसतं आणि प्रत्येकावर उपाय वेगळा. नोंदवहीत एक वाक्य लिहा: "मी अमुक पानावर अडलोय, कारण..." आणि ते पूर्ण करायचा प्रयत्न करा. खालच्यापैकी काहीतरी निघतं.

*माहिती कमी पडलीय.* शालन दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेली आणि तुमचं पेन थांबलं. थांबणारच, तुम्ही कधी तिथं नीट बसलेला नाही. मग खुर्चीत बसून कपाळ धरू नका. उठा, तालुक्याच्या गावी जा आणि सकाळभर कचेरीच्या आवारात बसा. झाडाखाली टेबल टाकून बसलेले दस्तलेखक, झेरॉक्सवाला, पक्षकाराला गाठून चहा पाजणारा मध्यस्थ. आत दस्त नोंदवताना कॅमेऱ्यासमोर फोटो निघतो, यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो, ओळख पटवायला साक्षीदार लागतात. जन्मभर खुरपं धरलेल्या बाईच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र ठसा घेत नाही. समोरचा म्हणतो, "पुन्हा ठेवा, मावशी." ती अंगठा पदराला पुसते, पुन्हा ठेवते. येत नाही. "जोरात दाबा." मागं भाऊ घड्याळ बघतोय.

आता लिहा. भावाला अंगठा हवाय, बाई द्यायला तयार झालीय आणि त्याच्याच रानात झिजलेला अंगठा यंत्राला कळत नाही. हा प्रसंग घरात बसून सुचला नसता. स्फूर्ती म्हणतात ती बहुतेक वेळा अशी बाहेर जाऊन आणावी लागते.

जाताना काही पथ्यं पाळा. कुणाच्या तोंडासमोर वही काढू नका, परतीच्या एसटीत लिहा. न विचारता आवाज रेकॉर्ड करू नका, फोटो काढू नका. कुणाचा दस्त, नाव, गट नंबर जसाच्या तसा वापरू नका. आणि "मी लेखक आहे" असं सांगण्यापेक्षा "हे कसं चालतं, मला सांगाल का?" असं विचारा. आपलं काम समजावून सांगायला माणसांना मनापासून आवडतं.

*माणसाला ओढत नेताय.* शालननं बाराव्या प्रकरणात सही करायची असं तुम्ही ठरवलंय, पण अकरा प्रकरणांत जी बाई उभी राहिली ती सही करणारी नाही. प्रत्येक वाक्य खोटं वाटायला लागतं. तिच्या आवाजात दोन पानं लिहा, "मी सही करणार नाही, कारण..." अशी. ही पानं कादंबरीत जाणार नाहीत, पण ती लिहून झाली की तुमचा आराखडा बदलेल. बदलू द्या.

*मागं कुठंतरी वळण चुकलंय.* अडलेल्या पानावर खिळून राहू नका, दहा-पंधरा पानं मागं जाऊन मोठ्यानं वाचा. जिथं वाचताना तुमचं लक्ष उडालं, तिथं चूक आहे. पुष्कळदा असं निघतं की एखाद्या माणसाला तुम्ही फार लवकर खरं बोलू दिलंय. वैनीनं चौथ्या प्रकरणातच "वन्सं, घर गहाण पडलंय" असं सांगून टाकलं, आता पुढं कुतूहलच उरलं नाही. ते वाक्य काढा, पुढचं आपोआप हलतं.

*भीती वाटतेय.* यावर कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. आपल्याकडं गाव लहान, भावकी मोठी. बहिणीच्या वाट्यावर लिहिलं की घरातलीच माणसं विचारणार, "हे आमच्यावर लिहिलंस काय?" हात त्या विचारानं थांबतो आणि आपण त्याला सुचत नाही असं नाव देतो. उपाय दोन टप्प्यांत करा. पहिला खर्डा कुणी वाचणार नाही असं धरून सगळं लिहून काढा, एक शब्द गाळू नका. दुसऱ्या खर्ड्यात गाव बदला, धंदा बदला, तीन माणसांचं मिळून एक माणूस करा. भावाची बहीण करून बघा. एवढं बदलल्यावर जे उरतं ते कुणाचं खाजगी राहत नाही, सगळ्यांचं होतं. ओळखू येईल अशा खऱ्या माणसाला वाईट दाखवलं तर बदनामीचा दावा होऊ शकतो हेही खरं आहे. पण माझ्या दृष्टीनं त्याहून मोठं कारण हे की त्या माणसाला उत्तर द्यायला तुमच्यासारखं पुस्तक नसतं.

*दमलाय.* मग लिहू नका, वाचा. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जातं. गावातल्या घरांत पुस्तकं विषयवार मांडलेली आहेत, कुठल्याही ओसरीवर बसून वाचत राहता येतं. दिवसभर तिथं जा, वही घरी ठेवून. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असं असेल तर तो प्रश्न कादंबरीचा नाही. डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका.

५. तारखा आणि कागद तपासा, त्यातूनच गोष्ट निघते

हे काम कंटाळवाणं वाटतं, मला मात्र सगळ्यात आवडतं. शालनची गोष्ट २०१९ सालची धरू. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. नदीकाठची माणसं पुरात पाऊस मोजत नाहीत, "पुलाला किती फूट झालं?" एवढंच विचारतात. तुमच्या पात्रांच्या तोंडी तेच यायला हवं.

तुम्ही लिहिलंत: शालन राखीला माहेरी आली, राखी बांधली आणि दुपारी भाऊ तिला कचेरीत घेऊन गेला. आता कॅलेंडर काढा. २०१९ ची राखीपौर्णिमा १५ ऑगस्टला होती, गुरुवारी. स्वातंत्र्यदिन, कचेरी बंद. प्रसंग कोसळला. पण लगेच दुसरं दार उघडलं: कचेरी शुक्रवारी, म्हणजे शालनला एक रात्र माहेरी काढावी लागणार. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ, चिखलाचा वास, सगळे एकाच खोलीत झोपलेले, आणि सकाळी सही. कादंबरीतलं सगळ्यात मोठं प्रकरण तुम्हाला एका सुट्टीनं दिलं.

साल मागं नेलं तर कायदाच बदलतो. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हिस्सा देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती २२ जून १९९४ पासून लागू झाली, पण तोवर लग्न झालेल्या मुली तिच्या बाहेर राहिल्या. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीनं हा भेद गेला. शालनचं लग्न १९८८ चं आणि धाकट्या बहिणीचं १९९६ चं असेल, तर १९९९ मध्ये दोघी बहिणी कायद्याच्या दोन बाजूंना उभ्या आहेत. एका पोटच्या दोघी. नुसत्या तारखांतून केवढं भांडण निघालं बघा.

आपल्या भागात ज्या चुका वारंवार दिसतात त्या अशा:

- १९४२-४३ च्या प्रतिसरकारच्या काळातल्या पात्राला "सांगली जिल्ह्यातला" म्हणणं. वाळवा, तासगाव, खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. सांगली शहर १९४८ पर्यंत संस्थानात होतं.
- १९५७ नंतरच्या व्यवहारात सगळीकडं आणेच वापरणं. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. माणसं बोलताना आणे म्हणत राहिली, पण कागदावर पैसे आले.
- कोयनेचा भूकंप दिवसा घडवणं. तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, माणसं झोपेत होती.

खात्री करायला वाचनालयातले जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आहेत. १८८५ चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटिअर इंटरनेटवर वाचता येतं, आज सांगलीत असलेल्या कित्येक गावांचे उल्लेख त्यात आहेत. वाईत काम चालणारा मराठी विश्वकोशही आता इंटरनेटवर खुला आहे. कुठली नोंद कुठून घेतली ते नोंदवहीत त्याच वेळी लिहा.

सापळा एकच: माहिती गोळा करण्यात वर्ष घालवू नका. चौकोन भरण्यापुरतं शोधा आणि परत बसा.

६. बोली: ऐकून लिहा आणि एकसारखी लिहा

"तू कुठे चालली आहेस?" असं शालनची आई म्हणणार नाही. "कुठं निघालीस गं?" म्हणेल. मिरजेकडचं माणूस "काय करायलाईस?" म्हणेल, माण तालुक्यातलं म्हणणार नाही. प्रत्येक पात्र कुणाला काय हाक मारतं याचा तक्ता करा. भाऊ शालनला आक्का म्हणतो, तिच्या नवऱ्याला दाजी. भावजय तिला वन्सं म्हणते. आत्याला कुणाच्या घरी मावळण म्हणतात. हा तक्ता नसला की दीडशेव्या पानावर दाजींचे भाऊजी होतात. बोलीतले शब्द कसे लिहायचे तेही एकदाच ठरवा, "हाय" तर सगळीकडं हाय.

७. दुसरा खर्डा आणि तीन वाचक

पहिला खर्डा झाल्यावर महिनाभर हात लावू नका. मग मोठ्यानं वाचत दुरुस्त करा. जीभ अडखळते ते वाक्य मोडा. त्यानंतर तिघांना द्या: एक भरपूर कादंबऱ्या वाचणारा, एक त्या कामातला, म्हणजे आपल्या उदाहरणात निवृत्त तलाठी किंवा दस्तलेखक, आणि एक तुमच्यावर माया नसलेला. "कसं वाटलं?" असं विचारू नका. "कुठं कंटाळा आला? कुठं पटलं नाही?" असं विचारा.

८. पाठवताना

युनिकोडमध्ये टाईप करा. जुन्या फॉन्टमध्ये केलं असेल तर बदलून घेतल्यावर जोडाक्षरं पुन्हा तपासा, हमखास फुटतात. फाईलची एक प्रत ईमेलवर, एक पेनड्राइव्हवर.

प्रकाशकाकडं पाठवायचे कागद: एका पानाचा सारांश (शेवटासकट, शेवट लपवू नका), पहिली तीन प्रकरणं, आठ-दहा ओळींचा परिचय, पत्ता आणि फोन. त्या प्रकाशकाची निदान दोन-तीन पुस्तकं आधी वाचा. कविता छापणाऱ्याला कादंबरी पाठवण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे, कादंबरीही त्यात चालते. जाहिरात निघते, अटी आणि मुदत त्यात असते. ती नजरेत ठेवा.

पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा. "अमुक प्रती तुम्ही विकत घ्या, मग छापतो" म्हणणारा पुस्तक खपवायचा खटाटोप करीलच असं नाही, त्याचा खर्च तुमच्याकडून आधीच निघालेला असतो. स्वतःच छापायचं असेल तर उघडपणे स्वतः छापा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

करार वाचल्याशिवाय सही नाही. लेखनाचा हक्क लिहिल्या क्षणापासून तुमचा असतो, नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं तो तुमच्या हयातीत आणि पुढं ६० वर्षं राहतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं कायदा धरतो. म्हणून "कायमस्वरूपी सर्व हक्क" असा शब्द दिसला की थांबा. आवृत्ती किती प्रतींची, मानधन किती टक्के, हिशेब वर्षातून कधी, अनुवाद आणि चित्रपटाचे हक्क कुणाकडं, हे चार मुद्दे लेखी असलेच पाहिजेत.

उत्तर यायला चार-सहा महिने लागतात. दर आठवड्याला फोन करू नका. तीन महिन्यांनी दोन ओळींचं स्मरणपत्र पाठवा, सहा महिन्यांत काहीच आलं नाही तर तसं कळवून दुसरीकडं द्या. नकार कारणासकट आला तर ते कारण नोंदवहीत तारखेनिशी लिहा. दोन वेगळ्या ठिकाणांहून तेच कारण आलं तर त्या प्रकरणावर पुन्हा बसा.